पाण्याखालचा कान

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या, असं संयोजकांनी आम्हांला मघाशी सांगितलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, वय सत्तरीच्या पुढे, आणि व्याख्यान कशावर? तर स्कूबा डायव्हिंग नव्याने शिकताना कान का दुखतात आणि त्यावर काय करावं, यावर. त्याला आमचा पहिला आधार खुद्द अ‍ॅरिस्टॉटलचा. त्याच्या नावावर ‘प्रॉब्लेमाटा’ नावाचा प्रश्नसंग्रह आहे. तो पुष्कळसा त्याच्या शिष्यपरंपरेने रचला, असं अभ्यासक मानतात. त्यात कानाबद्दलचं एक छोटं प्रकरण आहे आणि त्यातला एक प्रश्न असा, की समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कानाचे पडदे का फुटतात? त्या काळी ग्रीक समुद्रात स्पंज काढणारे पाणबुडे होते. त्यांच्या कानांचं काय होतं, ते कानाला स्पंज का बांधतात, कानात तेल का घालतात, याची चर्चा तिथे चालली आहे. तेव्हा हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या घरचाच आहे. फक्त त्यांचं उत्तर चुकलं होतं. पाणी जोराने कानात घुसतं आणि पडदा फोडतं, अशी त्यांची समजूत होती.

खरं काय होतं ते समजायला आपण समुद्रावर जायच्या आधी घाटात जाऊ. कोल्हापूरकडून आंबोली घाट उतरून मालवणला जाताना कानाला दडे बसतात, हा अनुभव इथे बसलेल्या प्रत्येकाला असेल. आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, मग कोणीतरी आवंढा गिळतं, कानात ‘टक्’ होतं आणि गाडीतलं बोलणं पुन्हा स्पष्ट ऐकू येतं. आता हिशोब करा. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. तिथून किनाऱ्यापर्यंत उतरताना हवेचा दाब जितका वाढतो, तितका दाब समुद्राच्या पाण्यात अवघ्या ८० सेंटीमीटर खाली गेल्यावर वाढतो. म्हणजे तासाभराचा सगळा घाट पाण्याखाली तुम्ही दोन-तीन सेकंदांत उतरता. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी कान का दुखतो, ते आता कळलं ना?

हवेला वजन आहे आणि उंचीप्रमाणे तिचा दाब बदलतो, हे सिद्ध करण्यात आमच्याच व्यवसायातला एक माणूस होता, ब्लेझ पास्कल. १६४८ साली त्याने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं. स्वतः गेला नाही, प्रकृती बरी नव्हती. पुढे १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलने हवेचा दाब आणि आकारमान यांचा संबंध मांडला. दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मं. आपल्याला लागणारं भौतिकशास्त्र एवढंच.

पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर १ वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला आणखी १ वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. आता नीट लक्ष द्या, कारण नवख्यांची गफलत इथे होते. त्यांना वाटतं, जितकं खोल तितका कानाला त्रास जास्त. तसं नाही. पहिल्या १० मीटरांत दाब दुप्पट होतो. पुढच्या १० मीटरांत तो फक्त दीडपट होतो. कानाची खरी परीक्षा वरच्या थरात, त्यातही पहिल्या तीन-चार मीटरांत असते. ‘आम्ही काय, थोडंसंच खाली जाणार’ असं म्हणणारा पर्यटक नेमका सर्वांत अवघड पट्ट्यात वावरत असतो, आणि बहुधा कुठलीही तयारी न करता.

कानाच्या आत काय आहे? बाहेरून दिसतो तो कान आणि त्यातून आत जाणारा बोगदा, हा झाला बाह्यकर्ण. त्याच्या टोकाला पडदा, साधारण १ सेंटीमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या एक दशांशाइतका पातळ. पडद्यामागे एक छोटीशी हवेने भरलेली खोली, म्हणजे मध्यकर्ण. तिच्यात ऐकण्याची तीन चिमुकली हाडं. त्याच्याही मागे द्रवाने भरलेला अंतर्कर्ण. ऐकणं आणि तोल सांभाळणं, दोन्हीचं मुख्यालय ते. त्या हवेच्या खोलीला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच वाट आहे. सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची एक नळी, जी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमिओ युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात.

ही नळी एरवी बंद असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि तेवढ्यात खोलीतली हवा बाहेरच्या हवेशी जुळवून घेते. पाण्यात खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, खोलीतली हवा आक्रसते, पडदा आत खेचला जातो. स्पंजवाल्यांना वाटलं तसं पाणी आत घुसलेलं नसतं. पडदा आत वाकतो आहे, कारण त्याच्यामागे हवा कमी पडते आहे. पडद्याच्या क्षेत्रफळाचा हिशोब केला तर दर मीटरला त्याच्यावर साधारण ६५ ग्रॅम वजन चढतं. कान न उघडता ३ मीटर गेलात, तर कागदाहून फारशा जाड नसलेल्या त्या पडद्यावर २०० ग्रॅमचं वजन ठेवलंत, असं समजा.

मग उपाय उघड आहे. नळी उघडून मागच्या खोलीत हवा पाठवायची. डायव्हिंगवाले याला इक्वलाइज करणं म्हणतात, आपणही तेच म्हणू. पण यात एक अडचण आहे आणि आमच्या मते सगळा विषय तिच्याभोवतीच आहे. नळीचं घशाकडचं तोंड मऊ असतं. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीची दोन पदरं एकमेकांना चिकटतात, तसं ते बाहेरच्या दाबाने चिकटून बसतं. दाबाचा फरक थोडा असताना ते सहज सुटतं. मीटर-दीड मीटर न उघडता खाली गेलात की ते असं घट्ट बसतं, की टाळूच्या स्नायूंना आवरत नाही आणि फुंकर मारून फायदा होत नाही. म्हणजे कान ठणकायला लागतो तोवर ते सोपेपणाने उघडण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

वेदनेबद्दल देकार्तने एक मोठी मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच्या सहाव्या चिंतनात तो म्हणतो की खलाशी जहाजात असतो तसा मी शरीरात राहत नाही. जहाजाला भोक पडलं तर खलाशी ते डोळ्यांनी पाहतो. माझ्या शरीराला इजा झाली तर मला ती दुखते, आतून कळते. बरोबर आहे. रोजच्या आयुष्यात वेदना हा पहिला निरोप असतो. तव्याला बोट लागलं, दुखलं, मागे घेतलं. पाण्याखालच्या कानाच्या बाबतीत मात्र वेदना हा उशिरा आलेला निरोप आहे. इथे आपल्याला थोडं त्या खलाशासारखंच वागावं लागतं. दुखण्याची वाट न बघता, नियमाने, दर थोड्या अंतराने जहाज तपासत राहायचं. तारकर्लीला आम्ही वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे शिकायला गेलो, तेव्हा शिकवणारा मालवणी मुलगा दर वेळी एकच सांगायचा, ‘‘सर, दुखाच्या आधी करूचा, दुखल्यार नाय.’’ देकार्तवर आम्ही तीस वर्षं तास घेतले, पण इतक्या कमी शब्दांत काही सांगितल्याचं आठवत नाही.

आता करायचं कसं? सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हळूच नाकातून श्वास सोडल्यासारखं करायचं. ही अन्तोनिओ मारिया वाल्साल्वा या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. १७०४ साली त्याने मानवी कानावर ग्रंथ लिहिला. त्याला डायव्हिंगशी काही घेणंदेणं नव्हतं, कानातला पू बाहेर काढायला तो ही युक्ती वापरे. ही शिकायला सोपी, म्हणून सगळीकडे हीच शिकवतात. तिचा धोका असा, की तिच्यामागे फुप्फुसांचं बळ असतं आणि कान उघडला नाही की माणूस आणखी जोर लावतो.

दुसरी पद्धत जोसेफ टॉयन्बी या इंग्रज कानतज्ज्ञाची. नाक धरा आणि आवंढा गिळा. गिळताना नळी आपोआप उघडते. (इतिहासकार आर्नोल्ड टॉयन्बी या डॉक्टरांचे नातू. आणि हे डॉक्टर स्वतःच्या कानातल्या गुणगुणीवर औषधांचे प्रयोग करताना १८६६ मध्ये दगावले.) ही सौम्य आहे, पण नळी त्या क्षणी नीट उघडली नाही तर उलट थोडी हवा खेचली जाते, म्हणून एकटीवर विसंबू नये. पुष्कळांना नाक धरून हलकी फुंकर आणि त्याच वेळी आवंढा, असं दोन्ही मिळून चांगलं जमतं.

तिसरी आमच्या आवडीची. जर्मन हवाई दलातले डॉक्टर हेर्मान फ्रेन्झेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सूर मारणाऱ्या बाँबफेकी विमानांच्या वैमानिकांसाठी ती सुचवली. त्या वैमानिकांना कानासाठी वेळ नव्हता, हात मोकळा नव्हता. हिच्यात फुप्फुसं वापरायचीच नाहीत. नाक बंद, घसाही आतून बंद, जड वजन उचलताना आपण श्वास अडवतो तसा. मग जिभेचा मागचा भाग ‘क’ म्हणताना उचलतो तसा वर रेटायचा. जीभ दट्ट्यासारखं काम करते आणि तोंडामागची मूठभर हवा नळीत जाते. आपल्या वर्णमालेने क-वर्गाला कंठ्य म्हणून ठेवलं आहे, त्यामुळे जिभेचा कुठला भाग म्हणतोय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. बरोबर जमलं तर नाकपुड्या चिमटीखाली किंचित फुगतात आणि छाती-पोट मात्र हलत नाही. आरशासमोर बसून पाहा.

काही भाग्यवान लोक नुसता जबडा पुढे काढून, हात न लावता कान उघडू शकतात. त्यांचा हेवा करण्यापलीकडे आपल्याला काही करता येत नाही.

या सगळ्यात इच्छाशक्तीचा प्रश्न येतो. हात वर कर म्हटलं की हात वर होतो. युस्टेशियन नळीला तसा हुकूम बहुतेकांना देता येत नाही. झोपेसारखं आहे ते. ‘मी आता झोपणारच’ म्हणून कोणी झोपत नाही. दिवा घालवायचा, पडायचं, बाकीचं आपोआप होतं. इथेही आपण आवंढा, जीभ, मानेची ठेवण एवढी व्यवस्था करायची. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी तीन-चार आठवडे घरी सराव हवा. दिवसातून काही वेळा, अगदी हलक्या जोराने. दोन्ही कानांत ‘टक्’ ऐकू येतं का ते पाहायचं. बऱ्याचदा एक कान आळशी असतो. आमचा डावा आहे. मान उजव्या खांद्याकडे कलवली, म्हणजे डावा कान वर आला, की तो मुकाट्याने ऐकतो.

प्रत्यक्ष पाण्यात क्रम असा ठेवावा. पृष्ठभागावरच, उतरायच्या आधी एकदा इक्वलाइज करायचं. मग पाय खाली, डोकं वर ठेवून, नांगराचा दोर धरून उतरायचं. डोकं खाली केलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नळीच्या आजूबाजूचा भाग सुजल्यासारखा होतो आणि कान अडतो. पहिल्या काही मीटरांत दर अर्ध्या मीटरला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक श्वासाला इक्वलाइज करायचं. अडलं तर तिथेच थांबायचं. सुटलं नाही तर मीटरभर वर यायचं, पिशवीची पदरं सैल होऊ द्यायची, पुन्हा प्रयत्न. जोराची, लांब फुंकर कधीही नाही. तीन-चार वेळा करूनही उघडलं नाही तर त्या दिवशी बुडी नाही.

खूण लक्षात ठेवा. पंजा आडवा धरून डोलवायचा, म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’, आणि मग बोट कानाकडे. आणि एक इशारा. जमिनीवर आपण अंगठा वर करतो तो ‘छान चाललंय’ म्हणून. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

हे सगळं इतकं सोपं असताना लोकांच्या कानांना इजा का होते? आमची एक माजी विद्यार्थिनी आहे. ती गाणं शिकवते. मैत्रिणींबरोबर एका बेटाजवळ बुडी मारायला गेली. तिचा एक कान उघडला, दुसरा उघडेना. खाली सगळ्या जणी वाळूवर पोचून फोटोसाठी थांबलेल्या. तिने नाक दाबून जिवाच्या आकांताने फुंकर मारली. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, मग जग गरगरायला लागलं. वर आणलं तेव्हा ओकाऱ्या आणि त्या कानात सतत शिट्टी. पडदा शाबूत होता. इजा त्याच्यामागे, अंतर्कर्णात झाली होती. अंतर्कर्णाच्या खिडकीवर एक नाजूक झिल्ली असते. मध्यकर्णात दाब कमी असताना जोर लावला की डोक्यातला दाब वाढतो, तो आतून त्या झिल्लीवर येतो आणि ती फाटू शकते. तिने उपचार लगेच घेतले, चक्कर गेली, पण त्या कानाचं वरच्या सुरांचं ऐकणं पूर्ण परत आलं नाही. तानपुरा आता ती दुसऱ्या कानाने लावते. आम्हांला म्हणाली, ‘‘सर, दुखतंय हे मला कळत होतं. पण सगळ्या खाली पोचल्या होत्या हो.’’

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. तिला नियम माहीत होता. आड आली ती भीड. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, ते पैशापुरतं नाही. पैसे भरलेले, बोट लांब आलेली, गाईड पाच जणांना घेऊन थांबलेला, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा. त्यावर सोसणाऱ्याला शूर म्हणायची आपली सवय. म्हणून आम्ही सांगतो की भीड पाण्याबाहेर मोडून टाका. बोटीवर चढण्याआधीच गाईडला सांगा, ‘‘माझे कान हळू उघडतात. मी दोर धरून सावकाश उतरणार. जमलं नाही तर मी वर येईन, माझ्यासाठी थांबू नका.’’ चांगला गाईड यावर नाराज होत नाही. जो होतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

शेवटी चिठ्ठ्यांवर आलेले काही प्रश्न घेतो.

सर्दी असेल तर? जाऊ नये. नाक मोकळं करायची गोळी किंवा थेंब घेऊन तर नाहीच. औषधाचा अंमल खाली असताना उतरला तर वर येताना प्रसरण पावणारी हवा कानात अडकते. खाली जाताना अडलं तर वर येता येतं. वर येताना अडलं तर टाकीतली हवा संपायच्या आत यावंच लागतं. तसं झालंच तर थोडं खाली जाऊन, जबडा हलवत, अगदी हळूहळू वर यायचं.

कानात बोळे घातले तर? अजिबात नाही. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा आणखी एक बंद कप्पा तयार होतो आणि त्यात हवा पाठवायला कुठलीच वाट नाही. कानात घट्ट बसलेला मळही तेच करतो, तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. तेलाचा उपयोग नाही, कारण अडचण पडद्याच्या पलीकडे आहे.

जलनेतीचा फायदा होतो का? नाक स्वच्छ राहतं, ते चांगलंच. पण नेती केली म्हणून सर्दीत पाण्यात उतरायचा परवाना मिळत नाही.

वर आल्यावर कान भरल्यासारखा वाटला तर? पुन्हा पुन्हा फुंकर मारून पाहू नये. खाली कान नीट उघडला नसेल तर मध्यकर्णात द्रव किंवा रक्त साचलेलं असतं. डॉक्टरांना दाखवावं आणि ते हो म्हणेपर्यंत बुडी नाही. चक्कर, शिट्टी किंवा ऐकू कमी येणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. सहल संपायची वाट बघू नये.

आणि ही शेवटची चिठ्ठी. नातवाला दहावं लागलंय, नेऊ का? दहा वर्षांच्या मुलांना काही संस्था शिकवतात. पण मुलांची ही नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि आडवी असते, सर्दीही वरचेवर होते. आधी कान तपासून घ्या. मग त्याला घरात नाक धरून कान उघडायला शिकवा, आणि दोन्ही कानांत ‘टक्’ झालं की नाही ते त्याला स्वतःला सांगता येतं का, ते पाहा. सांगता येत नसेल तर यंदा किनाऱ्यावर खेळू द्या. पुढच्या ऑक्टोबरात, पावसाळा संपून समुद्र निवळला की पुन्हा विचारा.